भेडाघाटी मौन पाळण्याची रीत

जबलपूरजवळ भेडाघाट येथे ‘धम्मबल’ हे विपश्यना केंद्र असून, ब्रह्मदेशात सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे शिकलेले सत्यनारायण गोएंका यांनी १९६९पासून भारतात रुजवलेल्या पद्धतीने तेथे १० दिवसांची निवासी शिबिरे भरतात. घरी मराठीत आणि बाजारात हिंदीत, अशी बोलण्याची दुहेरी सोय असलेल्या जबलपूरकर मराठी साधकाने तेथे जाण्यापूर्वी ‘आर्य मौन’ ही संज्ञा नीट समजून घ्यावी. कारण त्यात बोलण्याबरोबरच खाणाखुणा, चिठ्ठ्या, सूचक खाकरणे आणि वरणात मीठ कमी असल्याचे पंगतीतल्या शेजाऱ्यास भुवईने कळवणे हेही वर्ज्य असते. या शहरात तत्त्वज्ञानाची प्राध्यापकी केलेल्या रजनीशांनी मौनाची महती उभा जन्म बोलून सांगितली. परंतु तो मार्ग येथे लागू नाही.

मोबाइल, वही व पुस्तक जमा केल्यावर पहाटे ४ वाजता घंटा होते आणि दिवसाकाठी सुमारे १० तास बैठक घडते. पहिले तीन दिवस ‘आनापान’, म्हणजे नाकपुड्यांशी येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासाकडे नुसते पाहणे, एवढेच काम असते. तिसऱ्या दिवशी डाव्या नाकपुडीतला श्वास उजवीतल्यापेक्षा किंचित थंड असल्याचा शोध साधकास लागतो, आणि एवढी मोठी बातमी सांगण्यास कोणीच नसणे ही त्याची पहिली तपश्चर्या ठरते.

तरीही मौनाचा बागुलबुवा लोकांनी उगाच केला आहे, खरा परीक्षक गुडघा होय. चौथ्या दिवशी विपश्यना, म्हणजे शरीरावरील संवेदना तटस्थपणे पाहण्याची साधना, सुरू झाल्यावर ‘अधिष्ठान’ येते. यात डोळे न उघडता आणि हात व पाय न हलवता तासभर बसण्याचा निश्चय करावयाचा असतो, आणि तो रोज तीनदा. म्हणून इच्छुकाने महिनाभर आधीपासून सोफ्याचा त्याग करून जमिनीवर मांडी घालून जेवावे, तसेच संध्याकाळी केवळ चहा व फळे मिळाल्यास तोंड वाकडे करू नये, कारण जुन्या साधकांच्या वाट्याला लिंबाचे सरबतच येते.

लाभ दहाव्या दिवशी मौन सुटल्यावर दिसतात. सर्वजण एकदम बोलू लागतात, तेव्हा आपले मत न मिळूनही महापालिका, भारतीय क्रिकेट संघ आणि घरची सून या तिन्ही संस्था सुरळीत चालू राहिल्याचे साधकाच्या ध्यानी येते. हा बोध काहींना पचतो, काहींना नाही.

शिबिरास शुल्क नाही, राहणे-जेवणही विनामूल्य असते आणि दान केवळ शिबिर पूर्ण केलेल्यांकडूनच स्वीकारले जाते. त्यामुळे मध्येच पळून जाण्याची इच्छा झाल्यास ‘भरलेले पैसे वसूल झाले पाहिजेत’ हा मराठी माणसाचा हुकमी आधार येथे मिळत नाही, हे अर्ज भरतानाच लक्षात घ्यावे.