पहिल्या पंगतीचा पाट: नवख्या राज्यांसाठी धडे

अभिनंदन! तुम्ही अमेरिकेतलं एक राज्य आहात, आणि राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार ठरवताना आपल्याला कोणी विचारत नाही हे तुमच्या लक्षात आलंय. वाईट वाटून घेऊ नका. लग्नात शेवटच्या पंगतीला बसलात तर पानात जिलबी पडत नाही, नुसता मठ्ठा येतो. त्यात वाढप्याचा काय दोष? पाट लवकर धरायला हवा होता.

पक्षांच्या उमेदवारीसाठी राज्याराज्यांत प्रायमरी (साधं मतदान) किंवा कॉकस (पक्षाच्या स्थानिक बैठका) होतात, पण सगळीकडे एकाच दिवशी नाही. जानेवारी-फेब्रुवारीत बसलेली जेवणावळ जूनमध्ये उठते. तेव्हा आता शिकून घ्या.

१. लहान व्हा. कॅलिफोर्नियात जवळपास चार कोटी माणसं राहतात, ही त्या राज्याची मूळ चूक. न्यू हॅम्पशायर चौदा लाखांत भागवतं. तिथे उमेदवार घरोघरी जाऊन हात मिळवतो. ‘दोनदाच भेटलोय त्यांना, इतक्यात मत कसं ठरवू?’ ही तिथल्या मतदाराची जुनी थट्टा. कॅलिफोर्नियावाल्याला उमेदवार टीव्हीवर दिसतो. तेवढ्यात समाधान मानावं.

२. परंपरा तयार करा. फार जुनी लागत नाही. आयोवाचं पहिलेपण १९७२ सालचं, तेही योगायोगाचं: डेमोक्रॅटिक पक्षाच्या बैठका गावपातळीपासून राज्यापर्यंत टप्प्याटप्प्यानं घ्यायच्या, मध्ये अंतर ठेवायचं, म्हणून पहिली बैठक जानेवारीत आली. १९७६ साली जिमी कार्टर तिथून एकदम प्रकाशात आले. पहिला क्रमांक मात्र ‘अजून कोणीच नाही’ या पर्यायाचा होता. तो व्हाइट हाउसला जाऊ शकला नाही, बिचारा.

३. कायदा करा, पण त्यात तारीख पक्की करू नका. न्यू हॅम्पशायरचा कायदा म्हणतो, आमची प्रायमरी तशा दुसऱ्या कुठल्याही निवडणुकीच्या किमान सात दिवस आधी. झालं! २०११ मध्ये नेवाडानं पुढच्या जानेवारीतली तारीख धरली, तेव्हा न्यू हॅम्पशायरचे राज्य सचिव बिल गार्डनर यांनी ‘मग आम्ही डिसेंबरातच घेतो’ असा दम दिला. नेवाडा मुकाट्यानं फेब्रुवारीत जाऊन बसलं. (दुसऱ्या एखाद्या राज्यानं शब्दशः हाच कायदा केला तर काय होईल, हा प्रश्न वर्गात विचारू नये.)

४. पाहुण्याच्या भक्तीची परीक्षा घ्या. आयोवाच्या जत्रेत लोण्याची गाय असते. उमेदवारानं तिचं दर्शन घ्यावं, काडीवरची पोर्क चॉप खावी आणि मक्यापासूनच्या इथेनॉलवर प्रेम व्यक्त करावं. इथेनॉल आणि राजकारण एकाच टाकीत कसं मुरतं, हे आपल्याकडच्या ऊसवाल्यांना वेगळं सांगायला नको.

५. मोजणीचा बाऊ करू नका. २०१२ मध्ये आयोवानं त्याच रात्री रिपब्लिकन पक्षाच्या मिट रॉम्नींना आठ मतांनी पुढे दाखवलं. दोन आठवड्यांनी कळलं की रिक सँटोरम चौतीस मतांनी पुढे होते, आणि आठ केंद्रांचे आकडे सापडतच नव्हते. तोवर रॉम्नी ‘विजयी’ म्हणून मिरवून झाले होते. २०२० मध्ये डेमोक्रॅटांचं निकाल पाठवायचं अ‍ॅपच झोपलं. निकाल चुकला तरी चालेल, पहिला चुकला पाहिजे. आणि २००८, २०१२, २०१६ या तिन्ही वेळा आयोवात जिंकलेल्या रिपब्लिकनाला पुढे उमेदवारी मिळालीच नाही. मान पहिल्या घासाचा असतो, पचण्याचा नव्हे.

६. शिक्षेला भिऊ नका. २००८ मध्ये मिशिगन आणि फ्लोरिडा रांग मोडून जानेवारीत घुसले. डेमोक्रॅटिक पक्षानं उमेदवार ठरवणाऱ्या अधिवेशनातले त्यांचे सगळे प्रतिनिधी काढून घेतले. मे महिन्यात प्रत्येकाला अर्धं मत परत दिलं, ऑगस्टच्या अधिवेशनात पूर्ण. मधल्या काळात मिशिगनच्या मतपत्रिकेवर ओबामांचं नावच नव्हतं, एवढी किरकोळ गैरसोय मतदारांनी सोसली.

७. न्यायाची भाषा शिका. फार उपयोगी पडते. आयोवा आणि न्यू हॅम्पशायर ही बहुतांश गोऱ्यांची राज्यं. त्यांनी आधी निवडायचं आणि कृष्णवर्णीय मतदारांनी उरलेल्यांतून, ही तक्रार रास्तच आहे. २०२० मध्ये बायडन आयोवात चौथे, न्यू हॅम्पशायरात पाचवे आले. साउथ कॅरोलायनाच्या कृष्णवर्णीय मतदारांनी त्यांना वर काढलं. मग २०२४ साठी बायडन यांच्याच सूचनेवरून डेमोक्रॅटिक पक्षानं पहिला पाट साउथ कॅरोलायनाला दिला. न्याय झाला, आणि नेमका ज्यानं केला त्याच्या सोयीचा झाला. न्यू हॅम्पशायरनं ऐकलं नाही, २३ जानेवारीलाच मतदान उरकलं. बायडन मतपत्रिकेवर नव्हते. लोकांनी नाव हातानं लिहून त्यांना निवडून दिलं. प्रतिनिधी? तेही अखेर अधिवेशनात बसले. (धडा ६ पुन्हा वाचा.)

८. एवढं करूनही मागेच राहिलात, तर कॅलिफोर्नियाकडे बघून धीर धरा. २०१६ मध्ये तिथलं डेमोक्रॅटिक मतदान ७ जूनला होतं. ६ जूनच्या संध्याकाळीच असोसिएटेड प्रेसनं हिशेब मांडून हिलरी क्लिंटन यांची उमेदवारी पक्की झाल्याचं सांगून टाकलं. चिडून कॅलिफोर्निया २०२० साठी मार्चमधल्या, अनेक राज्यं एकदम मतदान करतात त्या सुपर ट्यूजडेला जाऊन बसलं, तर त्या पंगतीला आणखी तेरा राज्यं आधीच मांडी घालून बसलेली. त्याआधीही बिचाऱ्यानं १९९२ मध्ये जून, २००० मध्ये मार्च, २००८ मध्ये फेब्रुवारी आणि २०१२ मध्ये परत जून असं सगळं करून पाहिलं होतं.

तुमची तारीख पेन्सिलनं लिहा. खोडरबर जवळ ठेवा.