फांदी तोडणाऱ्यांच्या बाजूनं

ज्या फांदीवर बसायचं तीच तोडणारी माणसं मला फार जवळची वाटतात. दंतकथेतला कालिदास तसा होता. आणि पडद्यावर त्या अडाणी गुराख्याच्या गळ्यात माळ घालणाऱ्या टी. पी. राजलक्ष्मी त्याच्याही पुढच्या निघाल्या.

आपल्याकडचा पहिला बोलपट 'आलम आरा' मार्च 1931 मध्ये आला. त्याच वर्षी ऑक्टोबरअखेर मद्रासच्या किनेमा सेंट्रल थिएटरात राजलक्ष्मींचा 'कालिदास' हा बोलपट लागला. चित्रण मुंबईतलं, दिग्दर्शक एच. एम. रेड्डी. राजकन्या राजलक्ष्मी तमिळ बोलते, नायक पी. जी. वेंकटेशन तेलुगू बोलतो, पुजारी झालेले एल. व्ही. प्रसाद हिंदी बोलतात, आणि गोष्ट पुढे सरकते! शहाणी माणसं असती तर आधी भाषेचा घोळ निस्तरत बसली असती आणि तोवर कॅमेऱ्यावर धूळ साचली असती. मद्रासकरांनी रिळांच्या पेटीची सेंट्रल स्टेशनापासून मिरवणूक काढली, वाटेत नारळ फोडले. आपली भाषा पडद्यावरून ऐकू येणार, एवढं त्यांना पुरे होतं.

राजलक्ष्मी तंजावरजवळच्या तिरुवैयारूच्या, जन्म 1911 चा. बालविवाह झाला, मोडला. पोटासाठी त्या नाटक कंपनीत गेल्या, तेही घरंदाज बाईनं रंगमंचावर पाऊल ठेवणं म्हणजे घराण्याची अब्रू घालवणं असं मानलं जाई तेव्हा. 'कालिदास'नंतर मात्र नाव झालं, मागणी आली. बसायला चांगली जाड फांदी मिळाली होती.

मग 1936 मध्ये त्यांनी 'मिस कमला' काढला. मूळ कादंबरी त्यांची, निर्मिती त्यांची, दिग्दर्शन त्यांचं, नायिकाही त्याच. दक्षिणेत याआधी एकाही बाईनं चित्रपट दिग्दर्शित केला नव्हता. या वेडाची खरी किंमत कळायला त्या काळचा सेट डोळ्यांसमोर आणायला हवा. पार्श्वगायन नुकतंच कुठे सुरू झालेलं. बहुतेक नटनट्यांना चित्रण चालू असतानाच गावं लागे. आपण काय टिपलं ते लगेच पाहायला मॉनिटर नव्हता. नायिका म्हणून कॅमेऱ्यापुढे उभं राहायचं आणि शॉट जमला की बिघडला हे दिग्दर्शक म्हणून त्याच क्षणी आपणच ठरवायचं! रीळ धुऊन येईपर्यंत भरवसा ठेवायचा तो स्वतःच्या कानावर आणि अंदाजावर. पैसाही आपलाच. हिशेबी माणूस या वाटेला फिरकलाच नसता, म्हणून मला बाईंच्या बेहिशेबीपणाचं इतकं अप्रूप आहे.

1964 मध्ये राजलक्ष्मी गेल्या. 'कालिदास'ची प्रत आज कुठेही नाही, 'मिस कमला'चीही नाही. त्या काळची नायट्रेट फिल्म पेट घ्यायची, नाहीतर डब्यातच चिकट होऊन सडायची.

'मिस कमला'च्या सुमारास बाईंच्या घरी मुलगी जन्मली. तिचं नाव त्यांनी कमलाच ठेवलं.