वाहन : निरंक

२०२४ च्या विधानसभा निवडणुकीने दिवाळीचा पार विचका केला. अर्ज मागे घ्यायची मुदत ४ नोव्हेंबरला संपली, आणि घरोघरच्या चकल्या मऊ पडायला लागल्या तेव्हाच उमेदवार दारोदार फिरू लागले. १८ तारखेला संध्याकाळी प्रचाराची सांगता. जेमतेम दोन आठवड्यांत माणसाने जनतेला अर्थशास्त्र सांगायचं कधी आणि फराळ करायचा कधी?

आमच्या सोसायटीत आलेल्या उमेदवाराने दोन्ही साधलं. पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या, चहा होता. (प्रचारातल्या चहा, वडापाव, खुर्च्यांचे दर जिल्हा निवडणूक अधिकारी ठरवून देतात आणि ते उमेदवाराच्या ४० लाखांच्या खर्चमर्यादेत धरले जातात. त्यामुळे दुसरा कप उचलणाऱ्याकडे कार्यकर्ते सासूच्या नजरेने बघतात.)

“माता-भगिनींनो, करांनी तुमचं कंबरडं मोडलंय!” उमेदवार गरजले. तळमजल्यावरच्या आजींनी पट्टा सावरत मान डोलावली. त्यांच्या मणक्यात गॅप आहे.

“पिशवीतल्या दह्यावर जीएसटी! पिठावर जीएसटी! कुरमुऱ्यांवर जीएसटी! मला निवडून द्या, पहिल्याच अधिवेशनात रद्द करतो!”

टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, कुरमुऱ्यांचा प्रश्न होता. पण पाकीटबंद दही-पिठावरचा तो पाच टक्के कर जुलै २०२२ मध्ये आला तो जीएसटी परिषदेच्या निर्णयाने. तिथे केंद्राच्या मताचं वजन एक तृतीयांश, सगळ्या राज्यांचं मिळून दोन तृतीयांश, आणि ठराव मंजूर व्हायला तीन चतुर्थांश लागतात. राज्यातर्फे तिथे बसतात ते मंत्री. आमच्या उमेदवाराला तिथे चहा घेऊन जायलाही कोणी आत सोडणार नाही.

मग ते तेलाकडे वळले. फराळाचं तेल कडाडलं होतं, कारण सप्टेंबरात आयात खाद्यतेलावरचं शुल्क वाढलं होतं. ते वाढलं दिल्लीत. मग घरपट्टी निम्मी झाली. घरपट्टी महापालिकेची, आणि आमच्या महापालिकेत तेव्हा नगरसेवकच नव्हते, प्रशासक होते. म्हणजे पाऊण तासात त्यांनी वरचे कर माफ केले, खालचेही केले. मधले, जे खरोखर विधानसभेच्या हातातले, त्यांना बोटही लावलं नाही.

पेट्रोल जीएसटीत नाही. त्यावर राज्याचा कर आहे पंचवीस टक्के, शिवाय लिटरमागे पाच रुपये बारा पैसे. मुंबई-ठाणे-नवी मुंबईत आधी तो सव्वीस टक्के होता. निवडणुकीच्या वर्षी एक टक्का उतरला. व्यवसाय कर तर अस्सल मराठी मातीतला. १९७५ साली रोजगार हमीसाठी आला, आणि आता पगारातून दरमहा दोनशे रुपये नेतो. फेब्रुवारीत मात्र तीनशे. दिवस सर्वांत कमी त्या महिन्यात कर सर्वांत जास्त, कारण वर्षाला अडीच हजारांपलीकडे जायला राज्यघटनेची मनाई आहे आणि अडीच हजाराला बाराने भाग जात नाही.

मी उठून विचारलं, “साहेब, व्यवसाय कराचं काय करणार?”

“काकांनी चांगला मुद्दा मांडला. नोंद घे रे.” कार्यकर्त्याने मोबाइलवर अंगठा फिरवला. मागून मला दिसत होतं, तो क्रिकेटचा स्कोअर बघत होता.

मग सरकारी योजनेतले ‘लाडक्या बहिणीं’चे पैसे. तेव्हा महिन्याला पंधराशे मिळत होते. एका आघाडीने एकवीसशे कबूल केले, दुसरीने तीन हजार. आमच्या उमेदवाराने आपल्या बाजूचा आकडा दोनदा सांगितला. इतका वेळ गप्प असलेल्या आजी म्हणाल्या, “अरे बाळा, कर सगळे काढलेस, मग हे पैसे आणणार कुठून?”

“आजी, तुमच्या आशीर्वादाने!” म्हणत त्यांनी वाकून नमस्कार केला. सभा संपली.

रात्री मी त्यांचं प्रतिज्ञापत्र वाचलं. निवडणूक आयोग ते सगळ्यांना वाचायला खुलं ठेवतो, आणि दिवाळी अंकांतल्या बऱ्याच कथांपेक्षा ते रंजक असतं. शेती, चार फ्लॅट, पत्नीचे दागिने. पुढे ‘वाहन : निरंक’. ज्या पांढऱ्याशुभ्र गाडीतून ते आले ती वाटेत हात दाखवून थांबवली असावी.

पुढच्या निवडणुकीत तुमच्या पार्किंगमध्येही खुर्च्या मांडल्या जातील. चहा जरूर घ्या, पण दह्यावरचा कर विचारू नका, पेट्रोलचा विचारा. आणि आजींना पुढच्या रांगेत बसवा.