पॉइंट नसलेलं गाव

पावसाळ्यातला शनिवार उजाडला की अंजनगाव सुर्जीच्या पानठेल्यांवर एक नवा धंदा सुरू होतो. त्यात भांडवल लागत नाही आणि नफाही मिळत नाही. एम.एच. ३० ची गाडी थांबते, काच अर्धी खाली येते, आतून गाण्याचा आवाज आणि पाठोपाठ प्रश्न येतो, "भाऊ, चिखलदऱ्याले कुठून जा लागते?" ठेलेवाला चुन्याचं बोट न पुसताच हात करतो, "सीधे जा. पथ्रोट लागते, मंग परतवाडा, तठून घाट." काच वर जाते, गाडी सुटते. महाराष्ट्राच्या पर्यटन व्यवसायात आमच्या तालुक्याचं योगदान आजवर एवढंच. आम्ही रस्ता सांगतो.

याचं कारण उघड आहे. अंजनगावात पॉइंट नाही. पर्यटनशास्त्राचा पहिला नियम असा की जिथे पॉइंट नाही तिथे पाहण्यासारखं काही नसतं. चिखलदऱ्याला देवी पॉइंट आहे, हरिकेन पॉइंट आहे, मोझरी पॉइंट आहे, पंचबोल आहे. तिथे माणूस गाडीतून उतरतो, कठड्याला टेकतो, फोटो काढतो, कणीस खातो आणि पुढच्या पॉइंटला जातो. आमच्याकडे सपाट काळी जमीन, संत्र्याच्या बागा आणि उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ. रेघ कितीही सुंदर असली तरी तिला कठडा नाही. टेकायचं कशाला?

आता कुणी म्हणेल, अंजनगावला इतिहास आहे. आहे ना. ३० डिसेंबर १८०३ रोजी दौलतराव शिंदे आणि इंग्रज यांच्यातला तह इथेच झाला. शाळेच्या पुस्तकात तो एका ओळीत येतो आणि परीक्षेत एका गुणाला विचारतात. त्या एका गुणात काय काय गेलं, याचा हिशेब मात्र कुणी मांडत नाही. गंगा-यमुनेमधला दोआब गेला. दिल्ली-आग्र्याकडच्या मुलखावरचा हक्क गेला. भडोच गेलं, अहमदनगरचा किल्ला गेला. शिंद्यांनी महादजींच्या काळापासून जे कमावलं होतं, त्यातलं बरंचसं आमच्या गावच्या शिवारात कागदावर उतरलं. समोर बसलेला इंग्रज सेनापती ३४ वर्षांचा होता, नाव आर्थर वेलस्ली. पुढे १८१५ साली यानेच वॉटर्लूला नेपोलियनला हरवलं. शिंद्यांच्या बाजूने बोलणी करणारे विठ्ठलपंत असे मुरलेले मुत्सद्दी होते की पुढे युरोपात वेलस्लीला कुणी विचारलं, फ्रान्सचा तो तालेरां कसा आहे हो, तेव्हा तो म्हणाला, आमच्या विठ्ठलपंतांसारखाच, फक्त तेवढा हुशार नाही. असा किस्सा सांगतात. म्हणजे युरोपातला सर्वांत बेरकी माणूस मोजायला जे माप लागलं, ते वऱ्हाडात वापरून झालेलं होतं.

पुण्यात कुणी थोर माणूस एका रात्रीपुरता उतरला तरी त्या वाड्यावर निळी पाटी लागते. इथे अर्धा उत्तर हिंदुस्थान हातचा गेला, पण त्यासाठी गाडी थांबवणारा पर्यटक काही दिसत नाही. दोष त्याचाही नाही. तहाचा फोटो निघत नाही, आणि पराभवाचा लाइट अँड साउंड शो कुणी करत नाही. शिंदे जिंकले असते तर आज स्टँडसमोर अश्वारूढ पुतळा असता, त्याभोवती कारंजं असतं, आणि कारंजं बंद असतं.

तरीही तालुक्याच्या भल्यासाठी अस्मादिकांनी एक आराखडा तयार केला आहे. गावात 'तह पॉइंट' उभारावा. सिमेंटच्या दोन खुर्च्या, मध्ये सिमेंटचं टेबल, टेबलावर सिमेंटचाच कागद. नवऱ्याने वेलस्लीच्या खुर्चीत बसावं, बायकोने विठ्ठलपंतांच्या, आणि लेकराने फोटो काढावा. कोण कुणाला दोआब देणार हे घरूनच ठरवून यावं, पॉइंटवर भांडण झाल्यास व्यवस्थापन जबाबदार राहणार नाही. सभोवती पेव्हर ब्लॉक, कारण पेव्हर ब्लॉकशिवाय आपल्याकडे विकास झाल्याची नोंद होत नाही. एका बाजूला 'आय लव्ह अंजनगाव' अशी मोठी लाल अक्षरं. त्यातलं बदामाचं चिन्ह पहिल्याच पावसात गळून पडेल, मग फक्त 'आय अंजनगाव' उरेल. तेही काही वाईट नाही. भूमिपूजनाचा दगड मात्र सर्वांत आधी बसवावा. त्यावर इतकी नावं असावीत की दौलतरावांचं नाव लिहायला जागा उरू नये.

अशा कामांना वेळ किती लागतो, याचेही दाखले इथल्याच डोंगरात आहेत. तहाच्या आधी गाविलगड पडला. त्यासाठी इंग्रजांच्या कर्नल स्टीव्हन्सनची फौज ७ डिसेंबर १८०३ ला अचलपुराहून निघाली आणि १२ तारखेला गडाच्या उत्तरेला लबाड्याजवळ पोहोचली. वाटेत रस्ता नव्हता. शिपाई आधी रस्ता करायचे आणि मग त्यावरून जड तोफा हातांनी ओढत न्यायचे, डोंगर चढून, दऱ्या उतरून. पाच-सहा दिवसांत हे उरकलं आणि १५ डिसेंबरला गडावर हल्ला झाला. किल्लेदार बेनीसिंग लढता लढता पडला. बहमनी सुलतान अहमदशहाने १४२५ च्या सुमारास बांधलेला गड असा एका दिवसात गेला.

आता त्याच डोंगरातली आजची गोष्ट ऐका. चिखलदऱ्यात सिडकोने दरीवरून ४०७ मीटर लांबीचा काचेचा स्कायवॉक करायचं ठरवलं. बातम्यांत तो कधी जगातला सर्वांत लांब असतो, कधी जगात तिसरा आणि देशात पहिला. काम सुरू झालं, थांबलं, वनखात्याच्या आणि वन्यजीव मंडळाच्या परवानग्यांत अडकलं, पुन्हा सुरू झालं, पुन्हा तारीख मिळाली. वाघांचं जंगल आहे, परवानग्या हव्यातच, त्याबद्दल तक्रार नाही. फक्त स्टीव्हन्सन नशीबवान म्हणायचा. आजच्या काळात निघाला असता तर तोफा परतवाड्यालाच गंजल्या असत्या आणि बेनीसिंग सुखाने पेन्शनीत गेला असता.

बरं, स्कायवॉक झाला तरी त्यावरून दिसणार काय? जुलै-ऑगस्टमध्ये चिखलदऱ्यात जे दिसतं तेच, धुकं. अकोल्याहून, अमरावतीहून, पार नागपूरहून माणसं घाटातल्या गाड्यांच्या रांगेत तास तास काढतात आणि देवी पॉइंटला पोहोचतात. समोर पांढरं. डावीकडे पांढरं. कठड्यापाशी उभा असलेला एक कुटुंबप्रमुख बोट पुढे करून सांगतो, "हे पाहा, इथं खोल दरी हाय." घरचे भक्तिभावाने त्या पांढऱ्या भिंतीकडे पाहतात. बायको विचारते, "आन् गाविलगड कुठी हाय?" "तोबी हाय ना, त्याच्याच मागं." मग छत्री सावरत सेल्फी निघते. त्यात पाच चेहरे असतात, मागे काही नसतं, आणि खाली ओळ येते, 'विदर्भाचं काश्मीर'. महाराष्ट्रात कॉफी पिकते ती या चिखलदऱ्यात. म्हणून एवढं होईपर्यंत गारठलेली मंडळी टपरीवर जाऊन चहा पितात.

खालच्या खालीही फिरण्यासारखं पुष्कळ आहे, पण त्याला कष्ट पडतात. अकोट तालुक्यातल्या नरनाळा किल्ल्यावर चढून गेलात तर १४८७ सालचा महाकाली दरवाजा पाहायला मिळतो. असं कोरीव काम वऱ्हाडात दुसरीकडे शोधावं लागेल. वर नऊ गजी तोफ आहे, तिच्यावर बसून पोरं फोटो काढतात. पायथ्याच्या शहानूर गेटवरून मेळघाटच्या जंगलात जिप्सी जाते. परत आलेल्यांना एकच प्रश्न विचारला जातो, "वाघ दिसला का?" नाही म्हटलं की पैसे वाया. मेळघाट १९७४ पासून व्याघ्र प्रकल्प आहे, डोंगर आडवेतिडवे आहेत, झाडी दाट आहे, आणि वाघाला तिकीट कोणी किती रुपयांत काढलं ते कळत नाही. रानगवा दिसला, अस्वलाने उकरलेली माती दिसली, सागाचं पान ताटाएवढं असतं हे कळलं, याला पावती नाही.

खरी निसर्गसहल आमच्याकडे होती ती शकुंतला. मूर्तिजापूर ते अचलपूर, ७६ किलोमीटरची नॅरो गेज, दर्यापूर आणि अंजनगाव वाटेत. किलिक-निक्सन कंपनीची ही गाडी इंग्रजांनी कापूस ओढायला सुरू केली. आमचा कापूस मँचेस्टरला गेला आणि १९२१ साली मँचेस्टरलाच बनलेलं वाफेचं इंजिन आमच्याकडे आलं. ते १९९४ पर्यंत धावलं. धावलं हा शब्द आदरार्थी. उतरून चालत चार पावलं टाकावीत, ओळखीच्या शेतकऱ्याची विचारपूस करावी आणि मागच्या डब्यात पुन्हा चढावं, असा तिचा वेग, अशी तिची ख्याती. मग डिझेल आलं, मग रुळांची दैना झाली, मग गाडीच बंद पडली. ब्रॉडगेजच्या घोषणा मात्र वेळापत्रकाप्रमाणे, दर निवडणुकीला येतात. कालका-सिमल्याची छोटी गाडी पाहायला आपली माणसं हजारो रुपये खर्चून हिमाचलात जातात आणि परत आल्यावर म्हणतात, "आपल्याकडे असं काही नाही."

पानपिंपरीचंही तेच. अंजनगाव-अकोटच्या पट्ट्यात ही वेल पानमळ्यासारखी सावलीत वाढवतात. सुंठ, मिरी, पिंपळी या त्रिकटूतली पिंपळी म्हणजे हीच. भर उन्हाळ्यात बाहेर अंगाची लाही होत असताना त्या मळ्यात शिरलं की गारवा अंगाला लागतो, वेलीला बोटाच्या पेराएवढी हिरवी फळं लटकलेली असतात आणि चावलं तर जीभ झणझणते. केरळात जाऊन तिकीट काढून मसाल्याची बाग पाहणारे आमचे लोक या मळ्यांवरून गाडी हाकत परतवाड्याकडे जातात. मळेवाल्यांना सांगणं एकच, आत येणाऱ्याला बोलवायचंच असेल तर बाहेर पाटी लावा, 'पिंपळी पॉइंट'.

आणि राहिला तो कचरा. भीमाने कीचकाला मारून चिखलदऱ्याच्या दरीत फेकलं, अशी कथा आहे. त्या थोर परंपरेला जागून पर्यटक आजही दरीत काही ना काही फेकत असतात. फक्त कीचक एकच होता, बाटल्या मात्र दर शनिवारी येतात. शहानूर धरणाच्या काठावर पार्टी झाली की दुसऱ्या दिवशी तिथे काय खाल्लं, काय प्यालं, किती जण होते, सगळं वाचता येतं. कच्च्या चिवड्याचा कागद, द्रोण, बाटली, चखण्याची पिशवी. एवढा सविस्तर पुरावा १८०३ च्या तहाचाही मागे राहिला नसेल.

आता हे लिहायचं नव्हतं, पण लिहावं लागतं. हातात खराटा घेऊन गावोगाव फिरलेले गाडगेबाबा याच अंजनगाव तालुक्यातल्या शेंडगावचे. २३ फेब्रुवारी १८७६ चा त्यांचा जन्म. ते गावात आले की आधी रस्ता झाडायचे आणि रात्री कीर्तनातून लोकांची डोकी. सरकारने ग्रामस्वच्छता अभियानाला त्यांचं नाव दिलं, विद्यापीठाला दिलं, आणि त्यांच्या तालुक्यातून जाणाऱ्या गाड्यांच्या खिडक्यांमधून वेफर्सची रिकामी पाकिटं पूर्वीच्याच गतीने बाहेर पडत राहिली. बाबांनी शिष्य केले नाहीत; पुढे काय होणार ते त्यांनी आधीच ओळखलं होतं म्हणायचं.

तेव्हा मंडळी, डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात तुम्ही चिखलदऱ्याला जाणारच. धुकं विरळ असतं, गर्दी दाट असते, हॉटेलं तुम्ही आधीच ठरवून ठेवली असतील. वाटेत ३० तारखेला अंजनगावात दहा मिनिटं थांबा. गाडीतून उतरा, ठेल्यावर इथल्याच पानमळ्यातलं पान लावून घ्या आणि ठेलेवाल्याला रस्ता सोडून दुसरं काहीतरी विचारा. पान खाऊन झालं की थुंकू मात्र नका. शेंडगाव याच तालुक्यात आहे.