परक्या डबीचा पालक

परक्या डबीचा पालक हा जिओकॅशिंग या खेळात हमखास भेटणारा गृहस्थ. खेळ साधा आहे. कुणी एक जण कुठेतरी डबी लपवतो आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश संकेतस्थळावर जाहीर करतो. बाकीचे मोबाइल हातात धरून ती हुडकतात, आतल्या कागदावर नाव आणि तारीख टाकतात आणि डबी होती तिथे, होती तशी ठेवून देतात. या ‘होती तशी’पाशीच आपल्या गृहस्थाचे अडते. डबी असायला हवी होती तशी ठेवावी, असे त्याचे मत असते.

त्याची गरज मात्र खेळाला जन्मापासून आहे. 2 मे 2000 रोजी अमेरिकेने जीपीएसच्या नागरी संदेशांत मुद्दाम मिसळलेली चूक काढून टाकली आणि शंभरेक मीटरचा घोळ एकदम दहा-वीस मीटरवर आला. दुसऱ्याच दिवशी ओरेगॉन राज्यातल्या बीव्हरक्रीकजवळ डेव्ह उल्मर यांनी एक काळी बादली अर्धवट पुरून ठेवली. तिच्यात पुस्तके, पैसे, एक गलोल आणि घेवड्याच्या दाण्यांचा सीलबंद डबा होता. पुढे नियम झाले : डबी पुरायची नाही, आत खाण्याची वस्तू ठेवायची नाही. थोडक्यात, या खेळातली पहिली डबी आजच्या कुठल्याच परीक्षेत पास झाली नसती. पुढे ती गवत कापणाऱ्या यंत्राखाली सापडली आणि घेवड्याचा डबा तेवढा वाचला. देखभालीचे महत्त्व तिथेच सिद्ध झाले.

हा गृहस्थ ओळखायचा तो पाठीवरच्या पिशवीवरून. इतर माणसे भटकायला निघताना पाणी, टोपी आणि चिवडा घेतात. याच्या पिशवीत कोऱ्या कागदाच्या कापलेल्या पट्ट्या, झिपच्या छोट्या पिशव्या, शिसपेन्सिलींचे तुकडे, शार्पनर, चिमटा, जुना टूथब्रश आणि नव्या बुटांच्या खोक्यांतून जमवलेल्या सिलिका जेलच्या पुड्या असतात. नातेवाइकांत कुणी बूट घेतले की पुडी याच्याकडे पोचती होते. शाई पाण्यात पसरते म्हणून पेनाला त्याच्या लेखी किंमत नाही. डब्यांच्या झाकणातल्या रबरी कड्यांवर त्याचा विशेष जीव; घरच्या जेवणाच्या डब्यातून वरण का गळते, हा प्रश्न घरच्यांनी विचारणे आता सोडून दिलेले असते.

कामाला बसला की तो बघण्यासारखा असतो. पावसाळ्यानंतरची एखादी डबी घ्यावी. झाकण उघडताच कुबट वास येतो. आत कागदाचा लगदा आणि एक गोगलगाय. तो उकिडवा बसतो. गोगलगाय काडीवर घेऊन गवतात सोडतो. कागदाची गुंडाळी चिमट्याने एकेक वेढा मोकळा करत दुचाकीच्या तापलेल्या सीटवर पसरतो, चारी कोपऱ्यांवर खडे ठेवतो आणि वाचता येतील तेवढ्या नावांचा फोटो काढतो, कारण डबी सापडल्याचा पुरावा म्हणजे तेच नाव. मग डबी कोरडी करून नवी पट्टी पिशवीत, पिशवी डबीत, सोबत पुडी. जागा असेल तर जुना वाळलेला कागदही आतच. डबी पुन्हा त्याच फटीत, त्याच तोंडाने. वाटेत आजूबाजूच्या गुटख्याच्या पुड्याही तो उचलतो; डबीला जाताना कचरा घेऊन यायची रीत या खेळात 2002 पासून आहे. घरी आल्यावर तो मालकाला कळवतो : कागद भिजला होता, तात्पुरती पट्टी ठेवली आहे, झाकणाला चीर गेली आहे, ती तेवढी आपण बघावी. इथपर्यंत त्याच्यावर बोट ठेवायला जागा नाही. कागद आणि कोरडेपणा ही पाहुण्याची मदत. डबी, जागा आणि निर्णय मालकाचे.

बिघडते ते मालकाचे उत्तर न आल्यावर. मालक साधारणपणे दुसऱ्या गावी नोकरीला गेलेला, लग्न झालेला किंवा खेळाला कंटाळलेला असतो. पालक हा अर्थ लावतो की डबी पोरकी झाली. पहिल्या खेपेला तो झाकण बदलतो. दुसऱ्या खेपेला डबीच बदलतो, कारण नव्या झाकणाला जुनी डबी शोभत नाही. तिसऱ्या खेपेला त्याला जागा पसंत पडत नाही. सहा पावलांवर जास्त चांगली कपार असते. मूळ मालकाचे आता त्या डबीत काही उरलेले नसते, अक्षांश-रेखांश तेवढे त्याचे असतात आणि तेही चुकीचे ठरलेले असतात.

याच जातीचा पुढचा नमुना जास्त उपद्रवी. डबी सापडत नाही त्याची कारणे दोन : डबी तिथे नाही, किंवा शोधणाऱ्याची नजर कमी पडली. या नमुन्याला दुसरे कारण मान्य नसते. अर्धा तास फांद्या हलवून झाल्या की तो खिशातून नवी डबी काढतो, तिथे ठेवतो, तिच्यातल्या कोऱ्या कागदावर पहिले नाव स्वतःचे लिहितो आणि ‘सापडली’ अशी नोंद करून वर मालकावर उपकार केल्याच्या आनंदात घरी जातो. खेळाडू याला थ्रोडाउन म्हणतात आणि नाक मुरडतात. मूळ डबी बहुतेक वेळा वीतभर वर शांतपणे बसलेली असते. दोन डब्यांत निदान 161 मीटर अंतर असावे, असा खेळाचा नियम आहे.

तिसरा प्रकार हात चालवत नाही. तो फक्त ‘मालकाने लक्ष द्यावे’ हे बटण दाबतो, कागदाचे एक टोक दमट असले तरी. त्याच्याविषयी जास्त लिहिण्यासारखे नाही. असा माणूस प्रत्येक गृहनिर्माण संस्थेत असतो.

हिंगोली जिल्ह्यातल्या कळमनुरीसारख्या गावात या मंडळींना वाव कमी, कारण मराठवाड्यात डब्याच विरळ. त्यामागची कारणेही सयुक्तिक आहेत. बांधावर मोबाइल धरून, झाडाच्या बुंध्याभोवती तीन फेऱ्या मारणाऱ्या माणसाला तिथे कुणी एकटे सोडत नाही. “काय हुडकायलात हो सर? पडलं का काही?” इथून सुरुवात होते. “डबी हुडकतोय” हे उत्तर दिले की दुसरा माणूस जवळ येतो. तिसरा येईपर्यंत विषय गुप्तधनावर गेलेला असतो. हा विषय गमतीचा नाही. गुप्तधनाच्या नावाखाली होणाऱ्या अघोरी प्रकारांचा उल्लेख 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यात आहे. जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे, असे 1878 चा निखात निधी अधिनियम सांगतो. डबीत सहसा निघणारी गोटी, बिल्ला आणि एका कानाचा प्लास्टिकचा ससा मिळून दहाच्या आत बसतात, ही खेळाडूंची सोय.

बसस्थानकावर तर डबी ठेवूच नये. बेवारस वस्तूला हात लावू नका, हे प्रवाशांच्या कानी पडून पडून मुरलेले असते. 2011 साली इंग्लंडमधल्या वेदरबी गावात भर बाजारात दडवलेली अशीच एक प्लास्टिकची डबी बॉम्ब समजून लष्करी पथकाने उडवून दिली. कळमनुरीजवळच्या इसापूर धरणाची भिंत निवडणाऱ्याला तर पहारेकऱ्यापुढेच अक्षांश-रेखांश म्हणून दाखवावे लागतील.

शिवारात ठेवावी तर काळी माती आडवी येते. मे महिन्यात तिला मनगट जाईल एवढ्या भेगा पडतात आणि शहरातून लग्नाला आलेल्या खेळाडूला ती लपवायची आयती जागा वाटते. मृग बरसला की माती फुगते, भेग मिटते आणि डबी आत जाते. पुरू नये, हा नियम तिथे मातीच मोडते. झाडाच्या ढोलीत मुंगळे, दगडाखाली विंचू, फांदीवर वानरे. स्टीलचा डबा ठेवला तर तो दिवस मावळायच्या आत कुणाच्या तरी स्वयंपाकघरात जातो, आणि लहान गोल डबी चुन्याची समजून कुणीही मोठ्या आशेने उघडतो.

तरीही डबी ठेवायचीच असा हट्ट धरणारा असतो भाचा. पुण्याला नोकरी, कळमनुरी आजोळ. दूरच्या गावात डबी लपवायची तर तिची देखभाल तिथे कोण करणार, हे परीक्षकाला आधी सांगावे लागते. संकेतस्थळाचे हे परीक्षक स्वयंसेवक असतात आणि गोड बोलण्याला फसत नाहीत. भाचा मामाचे नाव देतो. मामाला फोनवर एवढेच कळते की बांधावरच्या लिंबाच्या ढोलीत भाच्याची काहीतरी वस्तू आहे आणि तिच्यावर लक्ष ठेवायचे आहे.

मामा या कामाला नवा नसतो. गावातल्या पाणपोईचे मांडव गुढीपाडव्याला फीत कापून सुरू होतात, वर दात्याचे नाव, खाली दोन रांजण आणि साखळीला बांधलेला पेला. हनुमान जयंतीपर्यंत रांजण कोरडे आणि साखळी मोकळी. मग कुणी न सांगता कडक उन्हात घागर ओतणारा, रांजणाला भिजवलेले गोणपाट गुंडाळणारा आणि पेला घरून आणणारा तो मामाच. फलकावरच्या नावाला त्याने कधी धक्का लावलेला नसतो. वास्तविक परक्या वस्तूच्या देखभालीचे सगळे संकेत तो न वाचता पाळत आलेला असतो.

डबीपुढे मात्र त्याचा धीर सुटतो, कारण ती भाच्याची असते. पहिल्या आठवड्यात तो ढोलीत दोन गोळ्या-बिस्किटे ठेवतो. हुडकत आलेल्या लेकराने रिकाम्या हाताने जाऊ नये, हा हेतू. मुंगळे त्याच संध्याकाळी येतात. दुसऱ्या आठवड्यात गुराख्याची पोरे डबीशी खेळताना दिसतात, म्हणून तो त्यांना दम देतो आणि डबी कुठे आहे हे त्यामुळे सगळ्या गल्लीला कळते. मग आभाळ भरून येते. भाच्याची वस्तू पावसात भिजणार, हे मामाला सहन होत नाही. तो डबी घरी आणतो, स्वच्छ पुसतो आणि कपाटात सातबाऱ्याच्या पिशवीशेजारी ठेवतो.

पुढे नांदेडहून एखादा खेळाडू येतो, लिंबाच्या झाडाखाली घाम पुसत उभा राहतो. मामा लांबूनच हाक मारतो, “डबी का? घरी हाय. चला, चहा घ्या.” पाहुणा खुर्चीवर बसून, पंख्याखाली, मामीने दिलेल्या पेनाने नाव टाकतो. कागद कोरडा, डबी लखलखीत, कडी जागच्या जागी. इतकी उत्तम राखलेली डबी त्याने कुठेच पाहिलेली नसते. तरी त्याला खरे ते लिहावे लागते. परीक्षक डबी थांबवतो, मालकाला ठरावीक मुदत देतो आणि मुदतीत ती जागेवर गेली नाही तर यादीतून काढून टाकतो.

तेव्हा कळमनुरीत किंवा आपापल्या आजोळी डबी लपवू पाहणाऱ्यांनी मामाला फोनवर काम सोपवू नये. त्याला ढोलीपाशी न्यावे, डबी उघडून दाखवावी आणि दोन गोष्टी पक्क्या सांगाव्यात : ओला कागद बदलायचा, आणि बाकी काहीही वाटले तरी हात लावण्याआधी भाच्याला फोन करायचा.