उन्हाळा सत्कारणी कसा लावावा

प्रस्तुत मार्गदर्शिका अकरा उन्हाळ्यांच्या प्रत्यक्ष प्रयोगांवर आधारलेली आहे. पाडव्याला श्रीखंडाची दुसरी वाटी संपली की मराठी गृहस्थाच्या मनात तीन संकल्प एकदम उभे राहतात. यंदा हिंडायचं. यंदा वाचायचं. आणि यंदा देवाधर्माचं काहीतरी स्वतःच्या हातानं घडवायचं. प्रस्तुत लेखकानं हे तिन्ही संकल्प दर वर्षी केले आहेत. पूर्ण केले आहेत असं त्यानं कुठंही म्हटलेलं नाही, याची सुज्ञ वाचकांनी नोंद घ्यावी.

नियम १ : संकल्प चारचौघांत सोडावा.

निदान चाळीस माणसांना कळल्याशिवाय संकल्पाला बळ येत नाही. मी नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सकाळीच कळवतो : ‘यंदा संपूर्ण ज्ञानेश्वरी हातानं लिहून काढणार.’ दुपारपर्यंत हात जोडलेल्या चित्रांचा ढीग पडतो. नागपूरच्या आत्या ‘धन्य आहेस बाळा’ म्हणतात. संध्याकाळी कट्ट्यावर दोघे पाठीवर थाप मारतात. काम पुरं झाल्यावर जे कौतुक मिळायचं ते सगळं पाडव्यालाच पदरात पडतं. मग काम करायला कारणच उरत नाही. नियमातली ही त्रुटी माझ्या फार उशिरा ध्यानात आली.

नियम २ : वही पारखून घ्यावी.

दोनशे पानी, आखीव, पुठ्ठ्याची बांधणी. दुकानात शेवटच्या पानावर पेनचं टिंब देऊन पान उलटून पाहावं. शाई मागे फुटली तर वही परत करावी, दुकानदार कितीही डोळे वटारो. दोन पेनं लागतात : मजकुराला निळं, ओव्यांच्या आकड्यांना लाल. लाल पेन पहिल्याच आठवड्यात नातवंडं पळवतात, म्हणून तीन घ्यावीत.

आता हिशेब. ज्ञानेश्वरीचे अध्याय १८, ओव्या नऊ हजारांवर. पाडवा ते मृग हे साधारण ७५ दिवस धरले तर रोज १२० ओव्या पडतात. छापील पानाकडे बघत, काना-मात्रा सांभाळत एक ओवी उतरवायला दीड मिनिट लागतं. म्हणजे रोजचे तीन तास. एकटा अठरावा अध्याय अठराशे ओव्यांचा. तो पंधरा दिवस खातो. पण त्याची धास्ती बाळगू नये, कारण तिथवर कोणी पोचत नाही. माणसं बुडतात ती पहिल्याच अध्यायात. सुरुवातीचं गणपतीचं रूपक सगळे मोत्यासारख्या अक्षरात लिहितात. आमच्या घरात ते सहा निरनिराळ्या वह्यांत संपूर्ण लिहिलेलं आहे. माझा विक्रम ६१ ओव्यांचा, सन २०१८चा. त्या वहीत धृतराष्ट्रानं संजयाला अजून प्रश्नही विचारलेला नाही. युद्ध फार लांबची गोष्ट.

खरी युक्ती सांगतो. पाचव्या अध्यायापासून सुरुवात करावी. तो सगळ्यांत लहान, १८० ओव्यांचा. रोज पंचवीस लिहिल्या तर आठ दिवसांत एक अख्खा अध्याय हातावेगळा होतो आणि माणसाला आपणही काही करू शकतो असं वाटायला लागतं. पहिल्या अध्यायाचं कोणी विचारलंच, तर तो दुसऱ्या वहीत आहे म्हणावं.

शके १२१२मध्ये सांगणारे ज्ञानेश्वर होते आणि लिहून घ्यायला सच्चिदानंदबाबा. लिहिता लिहिता त्यांना कोणी ‘अहो, गॅस संपलाय, नंबर लावा’ म्हणून उठवल्याचं ऐकिवात नाही. पुढं लोकांनी नकला करताना इतके घोळ घातले की शके १५०६मध्ये एकनाथांना बसून सगळी प्रत शुद्ध करावी लागली. माझी वही पुरी झाली असती तर पुन्हा एका एकनाथांची सोय बघावी लागली असती. तेवढे कष्ट मी महाराष्ट्राचे वाचवले आहेत.

नियम ३ : पुस्तकं ऋतुमानाप्रमाणे वाचावीत.

दुर्गाबाई भागवतांचं ‘ऋतुचक्र’ १९५६चं. बारा महिन्यांचे बारा लेख, पहिला चैत्राचा. मी ते दर पाडव्याला उघडतो, त्यामुळं चैत्र मला जवळजवळ पाठ आहे आणि श्रावणाबद्दल मी पूर्ण अनभिज्ञ आहे. मग एका वर्षी कंटाळून हिशेब उलटा केला. ज्या महिन्याचा लेख त्याच महिन्यात वाचायचा, महिन्याला एकच. वैशाखाचा लेख वैशाखात, भर दुपारी, खिडकीशी बसून वाचला. खालच्या रस्त्यावरचा गुलमोहर मी वीस वर्षं बघत होतो. त्या दुपारी वाचता वाचता पुस्तक मिटलं आणि तासभर नुसता त्याच्याकडंच बघत बसलो. थट्टा सोडा, पण हे करून पाहा.

एसटीच्या फलाटावर ‘माणदेशी माणसं’ न्यावं. एकेक व्यक्तिचित्र संपतं तोवर गाडी लागते, आणि नाही लागली तरी राग कमी येतो.

‘मृत्युंजय’ उताणं पडून वाचू नये. डुलकी लागली की नाकावर पडतं.

नियम ४ : सहलीचं ठिकाण नकाशा बघून नव्हे, घड्याळ बघून ठरवावं.

दुर्गाबाईंचं ‘पैस’ वाचून झालं आणि मला नेवाशाचा खांब बघायची ओढ लागली. ज्ञानेश्वरांनी ज्याला टेकून गीतेचा अर्थ सांगितला असं मानतात, तो हा पैसाचा खांब. महिना मे. ‘अहो, दिवाळीनंतर जाऊ,’ असं सौ. म्हणाल्या. मी म्हणालो, ‘अगं, ओढ लागायला मुहूर्त नसतो.’ पुण्याहून नगर, नगरहून नेवासे फाटा. २०२३पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे. ते कंडक्टरकडून घेताना सौ. माझ्या पूर्ण तिकिटाकडं अशा बघत होत्या की जणू मीच घरखर्च वाढवतोय.

आम्ही पोचलो दुपारी एकला. चपला बाहेर. आवारातली फरशी तव्यासारखी तापलेली. एकेकाळी जिथं ज्ञानेश्वर शांतपणे बसले होते, तिथं प्रस्तुत लेखक एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत आत शिरला. अध्यात्माचा लवलेशही मनात नव्हता. सौ.नी पिशवीतून दोन जोड मोजे काढले. त्यांना हे आधीच माहीत होतं. कसं, ते मी विचारलं नाही.

खांब मात्र बघावा. साधा दगड, अंगावर जुना लेख कोरलेला. नक्षी नाही, डौल नाही. आपण एवढ्या लांबून ज्यासाठी आलो ते एवढंच, असं क्षणभर वाटतं आणि मग तिथून पाय निघत नाही. (मोजे होते म्हणून.)

तर नियम असा : मे महिन्यात देवळाची सहल करायची तर पहाटेची पहिली गाडी धरावी, दहाच्या आत दर्शन उरकावं. मोजे न्यावेत. दुधात मळलेल्या दशम्या न्याव्यात, त्या दुसऱ्या दिवशीही मऊ राहतात. पन्हं करून नेऊ नये, गर आणि गूळ डब्यात न्यावा आणि पाणी तिथं घालावं. ही सगळी माहिती सौ.ची आहे. माझं योगदान ओढीपुरतं.

नियम ५ : पंखा.

हा प्रश्न शास्त्रकारांनी अनुत्तरित ठेवला आहे. लिहिणाऱ्याला पंखा हवा. वाती वळणाऱ्याला पंखा चालत नाही, कापूस उडतो.

२०१८ला अधिक ज्येष्ठ होता आणि सौ.नी लाख वाती केल्या. पेळूतून चिमूट कापूस ओढायचा, बोटाला भस्म लावायचं, डाव्या तळव्यावर उजव्यानं एक वळसा द्यायचा, झाली वात. फुलवातीला मात्र भस्म नाही, दुधाचा हात. मी घड्याळ लावून पाहिलं : मिनिटाला आठ. म्हणजे लाखाला दोनशे तासांवर. ‘अगं, हे अधिकात पुरं व्हायचं नाही,’ मी शास्त्रोक्त इशारा दिला. ‘संक्रांतीपासून करतेय,’ त्या म्हणाल्या. त्या वर्षी पाडव्याला मी चाळीस माणसांना ज्ञानेश्वरीचं कळवलं, तेव्हा त्यांच्या वाती निम्म्यावर आल्या होत्या. ही बातमी ग्रुपवर आलीच नव्हती.

नियम ६ : आंब्याच्या हातानं वहीला शिवू नये.

नियम ७ : जुन्या वह्या रद्दीत देण्यापूर्वी चाळाव्यात.

या पाडव्याला मी सातवी वही आणायला निघालो होतो. सौ. म्हणाल्या, आधीच्या सहा कुठं ठेवायच्या ते सांगा. म्हणून काढल्या. २०१८ची हातात आली. पुढून एकसष्ट ओव्या, शेवटच्या दहाबारा डॉक्टरी अक्षरात. सहज उलटी केली. मागच्या पानांवर पेन्सिलीच्या रेघा. चार उभ्या, एक आडवी. पुन्हा चार उभ्या, एक आडवी. शंभर वातींच्या जुडीला एक रेघ. पानामागून पान. मध्येच कुठं ‘मंगळ. दूध नाही’, कुठं लोणच्याच्या मिठाचं माप. मी बसून मोजल्या. पाडव्याआधीच्या उतरवून घेतलेल्या धरून हजार भरल्या.

‘अगं, माझ्या वहीत मागून लिहिलंस?’

‘पुढून तुमचं चाललं होतं ना,’ त्या म्हणाल्या. ‘मध्ये कशाला यायचं!’

नवी वही आणली नाही. त्या रात्री पंखा बंद करून मी बासष्टावी ओवी लिहिली. दुसऱ्या दिवशी त्रेसष्टावी. हे कोणालाही सांगायचं नाही असं ठरवलं होतं, कारण सांगितलं की नियम १ लागू होतो. आता तुम्हाला सांगून बसलो आहे.