फुकटचे दोन तास
माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात सोमवार ते शनिवार संध्याकाळी ६ ते ८ प्रवेश फुकट. त्यामुळे रांग आधीपासूनच इमारतीला वळसा घालते. पंधरा युरो वाचवायला पायांचे तुकडे पाडून घेणारे कलारसिक आत शिरताच धावत सुटतात. वेलास्केझचं १६५६ सालचं ‘लास मेनिनास’ कुठंय? तीन मीटरहून उंच चित्रासमोर जेमतेम अर्धं मिनिट. हात सवयीनं मोबाइलकडे जातो आणि रखवालदार डोळे वटारतो, इथे फोटोला मनाई. आली का पंचाईत! म्हणजे चित्र चक्क डोळ्यांनी बघायचं? पुढे गोयाचा स्वतःचंच पोर खाणारा सॅटर्न दिसतो आणि सगळ्यांना एकदम जेवणाची आठवण होते. फुकटात खुशाल जा, पण एकच दालन निवडा. दोन तासांत एकटा गोयाही पुरा बघून होत नाही.